कबुलीजबाब आणि पोलिसी खाक्या

(नांदगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रकारितेतल्या माझ्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट आधी सांगतो. एका ठाण्याकडून सायकलचोर पकडल्याचे पत्रक आले. मिसरूडही न फुटलेल्या त्या मुलाने सात सायकली चोरल्याची कबुली दिली होती. मी चौकटीत बातमी दिली, वर पोलिसांचे कौतुकही केले. आठवड्याने त्या सातांपैकी एका सायकलीचे मालक मला भेटले. त्यांची सायकल चोरीला गेलीच नव्हती; मेहुणा न सांगता घेऊन गेला होता. न झालेल्या चोरीची कबुली त्या मुलाने कशी दिली, याचे उत्तर त्याच्या तळपायांवर उमटलेले होते. दुरुस्तीची बातमी मात्र मी दिली नाही. ठाण्याशी संबंध बिघडतील, हे भय होते.

आता सायकलीवरून मालेगावकडे येतो. इथून ते तासाभराच्या वाटेवर. ८ सप्टेंबर २००६ रोजी तेथे स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केले, कबुलीजबाब नोंदवले. मारहाण करून ते घेतले, असे ते तरुण सांगत राहिले. २५ एप्रिल २०१६ रोजी त्यांच्यापैकी हयात असलेले आठ जण आरोपमुक्त झाले. त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जण मृत्युमुखी पडले. या वेळी साध्वी प्रज्ञासिंह, कर्नल पुरोहित यांच्यासह हिंदू आरोपी उभे राहिले. छळाची तक्रार तीच. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्याच्या दहाच दिवस आधी, ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोटांतील बाराही आरोपींना उच्च न्यायालयाने सोडले होते. त्या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच बजावले. पण कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, हे उच्च न्यायालयाचे मत कागदावर आहेच.

छळाच्या सगळ्या तक्रारी न्यायालयात सिद्ध झाल्या, असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या माणसाची तक्रार तेवढी खरी आणि दुसऱ्याची बनावट, असे मानण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरला पाहिजे. आणीबाणीत नाशिकरोडच्या कारागृहात खटल्याविना राहिलेल्यांचे स्मरण ठेवणाऱ्यांनी तर अधिकच. मालेगावची बेरीज पाहा. २०२५ च्या जुलैअखेर त्या दोन्ही स्फोटांत एकाही माणसावर दोष सिद्ध झालेला नव्हता. ज्यांची मुले गेली, त्यांना न्यायालयाने भरपाई सांगितली. गुन्हेगार कोण, हे कुणी सांगितले नाही. पट्ट्याने मिळालेली कबुली निरपराधाला तर भरडतेच, शिवाय खऱ्या गुन्हेगाराचा माग तिथेच पुसून टाकते. मग तपास कशाला करायचा?

इंग्रजांचा स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नव्हता, म्हणून १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढची कबुली ग्राह्य नाही, असे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. आपल्या राज्याने मात्र १९९९ च्या मोक्का कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीला पुरावा मानले. हेतू संघटित गुन्हेगारी मोडण्याचा होता, तो चुकीचा नव्हता. वाट मात्र सोपी झाली आणि सोप्या वाटेने सगळेच जातात.

हे पोलिसांविरुद्धचे भाषण नव्हे. निःशस्त्र असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच दलाचे. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद त्यांनी प्राण देऊन पाळले. खल कोण, हे आधी नीट शोधावे, एवढेच माझे म्हणणे.

आता थोडे तुमच्याविषयी. डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेच्या पत्रकावर नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी आणि कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. ते प्रतिष्ठित म्हणजे या सभागृहात बसलेले दुकानदार, शिक्षक, डॉक्टर. ठाण्यातून निरोप येतो, 'साहेबांनी पंच म्हणून बोलावलंय.' आपण जातो, चहा घेतो, आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर सही करून परततो. कधी कागद कोराही असतो. साहेबांना नाही कसे म्हणायचे!

पुढच्या खेपेला निरोप आला, तर चहा जरूर घ्या. मात्र कागद वाचा आणि ज्याला धरले आहे त्याला तुमच्या समोर चालत आणायला सांगा. त्या मुलाला कुणी चालताना पाहिले असते, तर सात सायकलींची बातमी मलाही छापता आली नसती.