दीडशे सीसीला टर्बो : हौस आणि हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात इंजिनांच्या चाचणीचे काम मी बरीच वर्षे केले. त्यामुळे ओळखीतली तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, माझ्या दीडशेच्या पल्सरला टर्बो बसवला तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणारा मुलगा बहुधा दिवसभर सीएनसी मशिनवर मायक्रॉनच्या हिशेबात काम करत असतो. लागणारे पाइप, फ्लँज तो स्वतःच्या हाताने बनवू शकतो. शिवाय त्याच्या आजूबाजूला टर्बोच टर्बो आहेत. चाकणमध्ये बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनमध्ये एक लिटरचे इंजिन येते. टर्बोमुळे ते ११५ अश्वशक्ती देते. मग दीडशे सीसीनेच काय घोडे मारले आहे?

आधी मूळ गोष्ट पाहू. इंजिनाची ताकद त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते. जास्त हवा कोंबली की तितके जास्त पेट्रोल जाळता येते. हवा कोंबणारा पंखा इंजिनाच्याच शक्तीवर फिरवला तर तो सुपरचार्जर आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरवला तर तो टर्बो. तत्त्व सोपे आहे. अडचण आहे ती छोट्या, एका सिलिंडरच्या इंजिनाची.

असे इंजिन चार स्ट्रोकमध्ये एकदाच श्वास घेते आणि एकदाच धूर सोडते. टर्बोला हवा असतो सलग झोत, इथे मिळतात धक्के. दाबलेली हवाही पुढच्या श्वासापर्यंत कुठेतरी साठवावी लागते. साठवणीची टाकी मोठी केली, की ॲक्सिलरेटर पिळल्यावर ताकद उशिरा येते. मोटारीत हा उशीर नुसता चुटपुट लावतो. दुचाकीवर मात्र वळणाच्या मध्यावर ती ताकद एकदम आली, तर मागचे चाक सरकते.

दुसरी अडचण उष्णतेची. हवा दाबली की ती तापते आणि तापलेल्या मिश्रणाचा अवेळी भडका उडतो. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. ते वाढले तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. ते टाळायला कॉम्प्रेशन कमी करावे लागते. तसे केले, की रोजच्या रहदारीत, कमी वेगाला, गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटते. त्यातच टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे तेलाच्या पातळ थरावर घेतो. आपल्या गाडीत लिटरभर तेल. तेच गिअरला, तेच क्लचला, आता तेच टर्बोलाही.

आणि पदरात काय पडते? या वर्गातले इंजिन साधारण १४ अश्वशक्तीचे. अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब दिला तर कागदावर २१ होतात. तापमान आणि गळती वजा जाता १८-१९ मिळाले तरी पुष्कळ, असा माझा अंदाज.

काही जण बॅटरीवर चालणारा 'इलेक्ट्रिक टर्बो' आणतात. त्याचाही हिशेब करून पाहा. दीडशेचे इंजिन ८ हजार फेऱ्यांना मिनिटाला जवळपास ६०० लिटर हवा ओढते. एवढ्या हवेवर तो दाब आणायला पाऊण ते एक किलोवॅट शक्ती हवी. गाडीचा मॅग्नेटो देतो दोनशे वॅटच्या आतबाहेर. म्हणजे तो छोटा पंखा आवाज करील, दाब देणार नाही.

मोठ्या कंपन्यांनीही हा प्रयोग करून पाहिला आहे. १९८२ साली होंडाने सीएक्स ५०० टर्बो आणली. पाठोपाठ यामाहा, सुझुकी आणि कावासाकी उतरल्या. काही वर्षांतच चौघींनी हात आवरता घेतला. २०१५ साली कावासाकीने निंजा एच-टू सुपरचार्जरसह आणली, पण ती चार सिलिंडरची, ९९८ सीसीची. लहान गाड्यांत प्यूजोची १२५ सीसीची जेट फोर्स कॉम्प्रेसर स्कूटर होऊन गेली, तीही कारखान्यातच त्यासाठी घडवलेली. होंडाने २०२४ साली मिलानच्या प्रदर्शनात विजेवरचा कॉम्प्रेसर असलेले तीन सिलिंडरचे इंजिन दाखवले. उद्याची वाट कदाचित तीच असेल, पण तीही छोट्या इंजिनासाठी नाही.

आपल्या पट्ट्याने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मार्गाने दिले. २००१ साली पल्सर आली. पुढे २०१२ साली चाकणला बनलेली केटीएम ड्यूक २०० आली. तिच्यात सीसी एक तृतीयांशाने वाढले, ताकद मात्र २५ अश्वशक्तीवर गेली. टर्बोशिवाय! चार व्हॉल्व्ह, पाण्याचे कूलिंग, जास्त कॉम्प्रेशन, जास्त फेरे, एवढ्यावरच हे साधले. २०२४ साली पल्सर एनएस ४०० झेड आली तेव्हा तिची शोरूमची किंमत १ लाख ८५ हजार होती आणि ताकद ४० अश्वशक्ती. टर्बो, इंजेक्शनचे नवे ट्यूनिंग, नवा पिस्टन, क्लच आणि वारंवार उघडावे लागणारे इंजिन, हा सगळा खर्च मांडा आणि शेजारी जुन्या गाडीच्या बदल्यात मिळणारी मोठी गाडी ठेवा. उत्तर आपोआप मिळते.

खरा प्रश्न मात्र पैशाच्या पुढचा आहे. वेग ८० वरून ११० झाला, की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ब्रेक, टायर आणि चासी मात्र जुनेच राहतात. रात्रपाळी सुटल्यावर नाशिक रस्त्यावर कंटेनर अंधारात उभे असतात, हे चाकणकरांना सांगायला नको. कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झालाच, तर विम्याचा दावा अडतो आणि ते ओझे घरच्यांवर येते.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. भंगारातले जुने इंजिन घ्या, ते स्टँडवर बसवा, दाब आणि तापमान मोजा, वहीत नोंदी ठेवा. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत तर मोटारसायकलच्या इंजिनाला टर्बो लावणे नियमात बसते. अशा संघांना कुशल हात हवेच असतात. तिथे पिस्टन फुटला तर नवा बसवता येतो.

रोजच्या गाडीसाठी मात्र एअर फिल्टर, टॅपेट, चेन आणि टायरमधली हवा पाहा. हरवलेली ताकद बऱ्याचदा तिथेच सापडते.