शानिदरची फुलं कुणी आणली?

आज जाऊया इराकी कुर्दिस्तानात, झाग्रोस पर्वतातल्या शानिदर गुहेत. १९६० साली राल्फ सोलेकी यांना तिथे एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचं नाव शानिदर ४. भोवतालच्या मातीचे नमुने पॅरिसच्या परागकण-तज्ज्ञ आर्लेट लरुआ-गुर्हाँ यांच्याकडे गेले.

परागकणाचं कवच भलतंच चिवट असतं बघा. पाकळ्या, देठ कधीच कुजून जातात. कवच मात्र हजारो वर्षं टिकतं. शिवाय प्रत्येक कुळाची नक्षी वेगळी, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती ओळखता येते. वाऱ्याने आलेले कण सुटेसुटे असतात. या बाईंना काही नमुन्यांत चक्क गठ्ठे दिसले. मग त्यांनी म्हटलं, इथे अख्खी फुलं ठेवलेली असणार. झालं! निअँडरथल आपल्या माणसाला फुलं वाहून निरोप द्यायचे, ही गोष्ट जगभर पोचली. मीही ती कितीतरी जणांना रंगवून सांगितलीय.

पण १९९९ मध्ये जेफ्री सॉमर यांनी बोट दाखवलं ते उंदरासारख्या एका प्राण्याकडे, पर्शियन जर्डकडे. तो फुलं बिळात नेऊन साठवतो, आणि खोदताना तिथे अशी बिळं सापडलीच होती. २०२३ मध्ये ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. काही गठ्ठ्यांत एकाहून जास्त वनस्पतींचे पराग होते, आणि त्या सगळ्या एकाच वेळी फुलणाऱ्या नव्हत्या. आता जून-जुलैत फुलणारं फूल वसंतातल्या फुलाबरोबर एकाच गुच्छात येणार कसं? त्यांचा संशय आहे जमिनीत घरटं करणाऱ्या मधमाश्यांवर.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुरलंच नव्हतं, असं यातून निघत नाही हं. फक्त फुलांची साक्ष गेली.

तिथल्या वनस्पतींनी दुसरंच काही सांगितलंय. २०२२ मध्ये जेरेन काबुकजू यांच्या गटाने त्याच गुहेतले जळके, कोळसा झालेले अन्नाचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या थरातले, म्हणजे निअँडरथलांच्या काळातले. त्यात रानटी कडधान्यं होती. कडू असणार, म्हणून आधी भिजवलेली, मग कुटलेली. सालं मात्र पूर्ण काढलेली नव्हती. आपण कडवे वाल भिजवून सोलतो ना, त्यातलं सोलणं तेवढं राहिलं होतं.