हाड पांढरं, पण ठिसूळ

 

मी एक्स-रे विभागात काम करते. एकदा चार महिन्यांच्या बाळाचा एक्स-रे काढला. हाडं खडूसारखी पांढरीशुभ्र. आजी म्हणाल्या, "माशाअल्लाह, हाडं मजबूत दिसतात." मला काही बोलता आलं नाही.

तो ऑस्टिओपेट्रॉसिस होता. जर्मन डॉक्टर अल्बर्स-शोनबर्ग यांनी 1904 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. आपल्या हाडांत काही पेशी जुनं हाड मोडतात, काही नवं बांधतात. या आजारात मोडणं थांबतं. हाड दाट होतं, पण ठिसूळही. आतली अस्थिमज्जेची जागा बुजते, रक्त कमी पडतं. डोळ्याच्या नसेची वाट अरुंद होते, नजर जाते. मोठेपणी सापडणारा सौम्य प्रकारही असतो. मी बाळांच्या गंभीर प्रकाराबद्दल बोलते आहे.

उपचार आहे. हाड मोडणाऱ्या पेशी रक्ताच्या मूळपेशींपासून तयार होतात. म्हणून जुळणाऱ्या दात्याच्या मूळपेशी बाळाला देतात. काही जनुकीय प्रकारांत याचा उपयोग होत नाही, त्यामुळे आधी जनुकीय तपासणी लागते. आणि घाई लागते, कारण गेलेली नजर सहसा परत येत नाही. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे. 2022 पासून मदतीची मर्यादा 50 लाख रुपये आहे. मुंबईचं केईएम त्यासाठीचं एक केंद्र आहे.

आता घरातली गोष्ट. त्या बाळाच्या आईला सगळे विचारत होते, "तू काय खाल्लंस?" दोष तिच्या खाण्याचा नव्हता, कुणाच्या नजरेचाही नव्हता. आई-वडील दोघंही निरोगी वाहक असतात. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता असते. जवळच्या नात्यातल्या लग्नात दोघं एकाच जनुकाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. अशी लग्नं महाराष्ट्रात इतर समाजांतही होतात. आपल्याकडे त्यांना परवानगी आहे, पण ती फर्ज नाहीत.

म्हणून दोन विनंत्या. घराण्यात असं बाळ झालं असेल, तर लग्नाआधी किंवा पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्या. आणि 18 पूर्ण झाली असतील तर मूळपेशी दाता म्हणून नाव नोंदवा. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, एवढंच. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यताही चारात एकच असते. घरात कुणी जुळलं नाही, तर अनेकदा कुणीतरी परका लागतो. तो तुमच्यापैकी कुणी असू शकतो.