साखर, धाप आणि हृदयाचा रिपोर्ट

मागच्या भागात आपण मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यायची ते पाहिलं. आज हृदयाबद्दल बोलू.

छातीत दुखत नाही म्हणजे हृदय ठीक आहे, असं आपण धरून चालतो. मधुमेहात हा हिशोब चुकू शकतो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. तशाच हृदयातल्या दुखण्याची खबर देणाऱ्या नसाही मंदावतात. रक्त कमी पडत असतं, पण दुखत नाही. त्यातून आपल्या बायकांना छातीत कळ येण्याऐवजी धाप लागते, मळमळतं, घाम फुटतो, जबडा किंवा पाठ दुखते. आपण म्हणतो, पित्त झालं असेल. सहा महिन्यांपूर्वी जो चढ तुम्ही एका दमात चढत होतात, तिथे आता दोनदा थांबावं लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा. आणि असा त्रास अचानक सुरू होऊन थांबत नसेल, तर कुणाची वाट न बघता १०८ ला फोन करा.

धाप लागते म्हटल्यावर डॉक्टर कधी कधी स्ट्रेस तपासणी सांगतात. ती कशासाठी? पाइपात गाळ साचला तरी हंडा भरतो. शेत भिजवायला घेतलं की मात्र पाणी पुरत नाही. हृदयाचं तसंच आहे. बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो. म्हणून हृदयाला कामाला लावून बघतात. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवतात, आणि गुडघे दुखत असतील तर इंजेक्शनने हृदयावर ताण आणतात. मग सोनोग्राफीसारख्या यंत्राने, म्हणजे स्ट्रेस इकोने, हृदयाची भिंत नीट हलते का ते बघतात. किंवा शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देऊन, रक्त कुठे पोचतं आणि कुठे नाही याचे फोटो काढतात.

जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. उपाशी यायचं असेल तर साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं? आणि चहा-कॉफी किती तास आधी बंद ठेवायची? काही इंजेक्शनांवर चहाचा परिणाम होतो, आणि तपासणी वाया जाते. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.

आता रिपोर्ट. त्यात फक्त पास-नापास बघू नका. हृदयाच्या किती भागाला रक्त कमी पडतं, तो भाग जिवंत आहे की मेलेला, आणि हृदयाच्या पंपाची ताकद किती, हे तीन प्रश्न विचारा. पुढचा धोका किती, याचा अंदाज त्यावरूनच येतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात ९२९ मधुमेही रुग्ण होते. रक्त कमी पडणारा भाग सारखाच असला तरी मधुमेही बायकांची स्थिती पुढे सर्वांत वाईट राहिली. रिपोर्ट चांगला आलेल्या मधुमेहींची पहिली दोन वर्षं इतरांसारखीच गेली, त्यानंतर मात्र त्यांचा धोका वाढला. म्हणून 'तीन वर्षांपूर्वी नॉर्मल आला होता' यावर विसंबू नका. नवा त्रास सुरू झाला की पुन्हा दाखवा.

मग प्रत्येक मधुमेही बाईने ही तपासणी करून घ्यावी का? नाही. काहीच त्रास नसलेल्या ११२३ मधुमेहींवर अमेरिका आणि कॅनडात अभ्यास झाला. निम्म्यांची तपासणी केली, निम्म्यांची नाही. सुमारे पाच वर्षांनी दोन्ही गटांत झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू जवळपास सारखेच, आणि थोडेच होते. त्रास नसताना केवळ पॅकेज स्वस्त मिळतंय म्हणून पैसे घालू नका.

ब्लॉकेज सापडलं की घरात घबराट होते. झटका आलेला असेल तर उशीर चालतच नाही. पण दुखणं स्थिर असेल तर विचाराला वेळ असतो. २००९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात स्थिर हृदयविकार असलेले २३६८ मधुमेही होते. काहींची लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली, बाकीच्यांना आधी नीट औषधं दिली. पाच वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातले सुमारे ८८ जण हयात होते. अनेक धमन्यांत अडथळे असले तर मात्र मधुमेहींना स्टेंटपेक्षा बायपासचा फायदा जास्त होतो, असं २०१२ मध्ये दुसऱ्या अभ्यासात दिसलं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या बाबतीत औषधं, स्टेंट की बायपास, आणि का? खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

काहीही ठरलं तरी रोजच्या गोळ्या सुटत नाहीत. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायचं, आणि तंबाखूबरोबर मिश्रीही सोडायची.

घरातल्या सगळ्यांची औषधं आपल्या लक्षात असतात. आपली धाप मात्र आपण कुणाला सांगत नाही. या आठवड्यात ती सांगा, आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून बरोबर न्या. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.