थंड पाण्यातली सहल आणि ‘आज नाही’ म्हणायची सोय

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त जानेवारीत आपली मालवण-तारकर्लीची सहल ठरते आहे. नोटीस बोर्डावर नावांचा कागद लागला आहे आणि त्यात ‘स्कूबा डायव्हिंग’ असा एक रकाना आहे. तो पाहून सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, “काका, तुम्ही मुलाकडे अमेरिकेत होतात तेव्हा त्यांची स्कूबाची ट्रिप बघून आलात ना? मग त्यावरच बोला.”

मी स्वतः पाण्यात उतरलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे आणि डॉक्टर दोघांचीही परवानगी नव्हती. पण पहिल्या बैठकीपासून मी हजर होतो आणि किनाऱ्यावरचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला रजिस्टर मिळालं की आणखी काय हवं!

मुलगा आणि सूनबाई कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतात. तिथून साधारण ११५ किलोमीटरवर मॉन्टेरे नावाचं गाव आहे. एकेकाळी तिथे सार्डिन मासळी डबाबंद करण्याचे कारखाने होते. मासळी संपली, कारखाने बंद पडले. त्यातल्याच एका कारखान्याच्या जागेवर १९८४ साली मोठं मत्स्यालय उभं राहिलं. समोरच्या समुद्रात केल्पचं जंगल आहे. केल्प म्हणजे समुद्रशैवाल, पण आपल्या विहिरीतल्या शेवाळासारखं नव्हे. तळाच्या खडकाला धरून ते झाडासारखं उभं वाढतं आणि अनुकूल काळात दिवसाला दोन फुटांपर्यंत वाढू शकतं. त्या जंगलातून पोहायला लोक लांबून येतात.

अडचण एकच, पाणी गार. आपल्या कोकणातलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, तिथलं वर्षभर १० ते १५ अंश. कॅलिफोर्नियात ऊन असतं, मग पाणी गार का, असं मी विचारलं. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वारा वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्याबरोबर सूक्ष्म जीवांचं खाद्यही येतं, म्हणून पाणी हिरवट आणि गढूळ होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा मंदावतो आणि पाणी बरंच निवळतं. त्यामुळे तारीख ठरली ऑक्टोबरची, आणि तयारी सुरू झाली जूनमध्ये.

मंडळी एकूण आठ, म्हणजे चार जोड्या. पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाकडे प्रशिक्षणाचं कार्ड होतं, पण अनुभव सारखा नव्हता. सूनबाईचे गार पाण्यातले पन्नासेक डाइव्ह झालेले. एका मुलाने अंदमानात कोर्स केलेला, त्याचे सगळे मिळून आठ, तेही कोमट पाण्यात. त्याचा जोडीदार डॅलसहून विमानाने येणारा त्याचा कॉलेजमित्र.

बैठक म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या बशा बाजूला सारून. पहिला विषय कपड्यांचा. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने ओढून घेतं. म्हणून सात मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट, डोक्याला टोपडं, हातमोजे, बूट. पण त्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात. माणूस खोल गेला की ते दबतात आणि नेमकी तेव्हाच ऊब कमी होते. शिवाय जाड सूट माणसाला वर तरंगवतो, म्हणून कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं. ड्रायसूट जास्त उबदार, पण त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्यामुळे ‘दुकानातून भाड्याने आणू आणि उतरू’ हे तिथे चालत नाही.

दुसरा विषय हवेचा. टाकीत साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. १० मीटर खाली गेलं की भोवतीचा दाब दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट, आणि त्याच प्रमाणात हवा जास्त लागते. गारठलेला माणूस भराभर श्वास घेतो, म्हणजे खर्च आणखी वाढला. त्यांचा नियम असा की ५० बार शिल्लक ठेवूनच पाण्याबाहेर यायचं. आपल्या सीआरआरसारखंच आहे हे. पैसा आपलाच, पण हात लावायचा नाही.

तिसरा विषय विमानाचा. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन साठलेला असतो, त्यामुळे लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. डॅलसच्या पाहुण्याचं तिकीट रविवार संध्याकाळऐवजी सोमवार दुपारचं काढलं, ते एवढ्यासाठीच. प्रत्येकाने तब्येतीची प्रश्नावली भरली. दमा, रक्तदाब, कान, हृदय, यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही. जवळचं हॉस्पिटल, तातडीचे फोन, प्राणवायूची पेटी, अपघाताचा विमा, सगळं एका कागदावर आलं.

मग आला पैशांचा विषय, आणि तिथे मी तोंड उघडलं. हॉटेल, भाड्याचं सामान, प्रवेशशुल्क, सगळ्याचे पैसे आगाऊ भरायचे होते. मी विचारलं, “ऐनवेळी एखाद्याला उतरावंसं वाटलं नाही, तर त्याच्या पैशांचं काय?”

मुलगा म्हणाला, “बाबा, आमच्यात नियमच आहे. कोणीही, केव्हाही, कारण न सांगता डाइव्ह रद्द करू शकतो. त्याला कोणी काही विचारत नाही.”

मी म्हटलं, “विचारत नाही, हे छान आहे. पण त्याचे पैसे बुडतात आणि जोडीदाराचेही बुडतात. कर्जदार सही का करतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. पुष्कळदा त्याला पटलेलं असतं म्हणून नव्हे, तर समोर चार माणसं वाट बघत असतात म्हणून. ‘नाही’ म्हणणं महाग असेल, तर माणूस ‘हो’ म्हणतो.”

थोडी चर्चा झाली आणि ठरलं की सगळा खर्च एकाच खात्यात टाकायचा. कोणी उतरला नाही, तर त्याचं नुकसान आठांत वाटून घ्यायचं. शिवाय जोडीदार एकटा पडला, तर शेजारच्या जोडीने त्याला तिसरा म्हणून घ्यायचं, पण त्या दोघांना सोयीचं असेल तरच.

शनिवारी सकाळी ब्रेकवॉटरच्या धक्क्याजवळ पहिला डाइव्ह झाला. दगडी बांधामुळे तिथे लाटा कमी, उतरायला वाळू. हा डाइव्ह मुद्दाम सोपा ठेवलेला, प्रत्येकाची परीक्षा म्हणून. मी खुर्चीवर रजिस्टर घेऊन बसलो. नाव, उतरण्याची वेळ, टाकीतला दाब, परत येण्याची ठरलेली वेळ. जो वर आला त्याच्या नावापुढे खूण. कॅशियर दिवसाचा हिशेब जुळवतो तसं. संध्याकाळच्या हिशेबात एक रुपया कमी आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो, इथे तर माणसं होती.

तीन जोड्या चाळीसेक मिनिटांनी आल्या. अंदमानवाला आणि त्याचा मित्र चोविसाव्या मिनिटालाच वर. ओठ निळसर, बोटांनी बकल सुटेना. टाकीत ६० बार उरले होते. आमच्या सौ.नी थर्मासमधला आल्याचा चहा पुढे केला. तो हसला, “काका, मजा आली” असंही म्हणाला. दुपारचा दुसरा डाइव्ह त्याने केला नाही.

रविवारी पॉइंट लोबोस. हे राखीव क्षेत्र आहे. १९६० साली तिथला पाण्याखालचा भागही संरक्षित झाला. रोज मोजक्याच जोड्यांना आत सोडतात, आधी आरक्षण लागतं, कार्ड दाखवावं लागतं. सगळ्या बेताचा मुख्य दिवस तोच. समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांवरून लाटांची उंची मुलाने पहाटेच पाहिली होती. रात्रीतून लाट थोडी वाढली होती. अनुभवी माणसाला अडचण नव्हती, उतरण्यासारखं होतं.

सामान मांडून झालं, सूट अर्धे चढवले आणि तो मुलगा म्हणाला, “आज नाही.”

बास, एवढंच. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. डॅलसहून एवढा खर्च करून आलेला त्याचा मित्र क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “ठीक.” सूनबाईने विचारलं, “तू आमच्याबरोबर येतोस का तिसरा?” तो तिच्याबरोबर गेला. “अरे, काही होत नाही, चल” असं एकानेही म्हटलं नाही. न उतरलेला तो मुलगा माझ्या शेजारी बसला आणि रजिस्टर त्यानेच लिहिलं.

आम्ही दोघं केल्पमध्ये पालथी-उताणी होणारी समुद्री ऊदमांजरं पाहत बसलो. कातड्यासाठी शिकार होऊन हा प्राणी तिथून संपलाच असं लोक धरून चालले होते. १९३८ साली तिथूनच दक्षिणेला एक छोटा कळप दिसला, त्याचीच ही पुढची पिढी. थोड्या वेळाने तो मुलगा म्हणाला, “काका, पैसे माझे एकट्याचे असते ना, तर मी उतरलो असतो.” मी काही बोललो नाही. सातही जण वर आले, सात खुणा झाल्या, मग मी पाठ टेकली.

आता आपल्या सहलीकडे येतो. मालवणचं पाणी कोमट आहे, प्रशिक्षक हात धरून नेतो, उगाच घाबरून जाण्याचं कारण नाही. पण माणसं आपण तीच. ‘पैसे भरलेत’, ‘सगळे उतरतायत’, ‘फोटो काढायचाय’ म्हणून उतरणारे आपल्यातही निघतील. म्हणून समितीला माझ्या तीन विनंत्या. एक, स्कूबाच्या रकान्यात नाव देणाऱ्याने तब्येतीचा कागद खरा भरावा. दमा, रक्तदाब लपवू नये. दोन, किनाऱ्यावर एक माणूस वही घेऊन बसावा. ते काम मी आनंदाने करीन. तीन, स्कूबाचे पैसे सहलीच्या सामाईक वर्गणीतून जावेत आणि ऐनवेळी जो ‘आज नाही’ म्हणेल त्याच्याकडून एक पैसाही जास्त घेऊ नये. त्याची चेष्टाही नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्याने चढतो-उतरतो. एवढं एकमेकांसाठी आपण नक्की करू शकतो.