समजूत घालणं म्हणजे समुपदेशन नव्हे

मार खाऊन बाई माहेरी आली की आपण म्हणतो, "सांभाळून घे, लेकरांकडे पाहा." ही झाली समजूत. समुपदेशक ताई आधी विचारते, "आज घरी परत जायला भीती वाटते का?"

१९८४ साली टाटा समाज विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. तिथली ताई बाईशी एकटीशी बोलते, कारण सासू-नवऱ्यासमोर खरं तोंडातून निघत नाही. मग नवऱ्यालाही बोलावते. खर्चावर, कामावर तडजोड होते, मारहाणीवर नाही. निर्णय बाईचाच.

खरी अडचण आपल्या कारध्यासारख्या गावात आहे. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी नदीकाठी पोहोचतं, म्हणून बाई गप्प राहते. तेव्हा गटातल्या बायांनी एवढं पाळावं : ऐकलेलं दुसरीला सांगायचं नाही, बैठकीत नाव काढायचं नाही, हवं तर सोबत जायचं.

महिलांसाठी १८१, जिवाला धोका असेल तर ११२, मन खचलं तर टेलीमानस १४४१६. हे नंबर गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.