माळ्यावरची कमान



जुन्या धनुष्यांच्या जतनाविषयी बोलण्यास मी उभा आहे, तो तज्ज्ञ म्हणून नव्हे, अपराधी म्हणून.

पनवेलच्या आमच्या घरी माळ्यावर वाडवडिलांची एक कमान होती. शाळेत असताना एका दसऱ्यास ती पूजेसाठी मी खाली काढली. दोरी नव्हती, कमान ज्या बाजूस वाकलेली दिसली, त्याच बाजूस वाकवून सुतळी बांधू लागलो. क्षणात तिचे दोन तुकडे झाले! पुढे कळले की, अशा कमानीत तिरंदाजाच्या बाजूस शिंग, मध्ये लाकूड व पाठीवर जनावरांच्या स्नायूंचे तंतू सरसाने जोडलेले असतात. दोरी उतरताच ती उलटी वळते. मी तिला नेमके विरुद्ध दिशेस ताणले होते.

पुण्याचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी ठिकठिकाणी हिंडून जुन्या वस्तू जमविल्या, म्हणूनच आज तेथे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे आहे. आपण निदान घरचे तरी राखावे.

कोकणातील दमट हवेने सरस सुटतो. शिंग व स्नायू कीड पोखरते. म्हणून जुनी कमान ओढून पाहू नये, तेल-शेंदूर लावू नये, उन्हात ठेवू नये. दोरीवाचून, सुती कापडात, कोरड्या जागी आडवी ठेवावी. कोणाची, कोठून आली, हे चिठ्ठीवर लिहावे.

माझ्यापाशी आता दोन तुकडेच आहेत. आपल्याकडे अखंड कमान असेल, तर दसऱ्यास तिला केवळ फूल वाहावे, एवढीच विनंती.